एकोणीस तास

अण्णांचा फोन शुक्रवारी दुपारी चार वाजता आला. ही त्यांची फोन करायची वेळ नव्हे. त्यांचा फोन रात्री आठला येतो, संध्याकाळचं दूध डेअरीला घालून घरी आले की. मी हिंजवडीत ऑफिसात होतो, समोर कोड उघडा होता. फोन उचलला.

"जेवलास का?"

"जेवलो."

"पाऊसपाणी?"

"अण्णा, फेब्रुवारी आहे."

पलीकडं बराच वेळ काहीच नाही. मग एकदम बारीक आवाजात, "ते पैसं गेल्यात बघ खात्यातलं."

एक लाख बारा हजार. ऊसबिलातून ठिबक बसवायला बाजूला ठेवलेले. गुरुवारी रात्री नऊच्या सुमाराला तीन टप्प्यांत गेले होते. म्हणजे मला सांगायला त्यांनी एकोणीस तास घेतले होते.

आमचं गाव बिद्री, तालुका कागल. कोल्हापूरहून गारगोटीला जाताना लागतं. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यामुळं नाव लोकांना माहीत असतं. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हवेत मळीचा वास, आणि चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच विषय, बिल जमा झालं का. त्यात गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, पीएम किसानचा एकोणिसावा हप्ता यायचा होता. दोन हजार रुपये. त्यासाठी केवायसी लागते हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि आपली झाली आहे की नाही हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. चोराला याहून चांगली वेळ कुठली मिळणार?

फोनवर मी पहिला प्रश्न विचारला तो आता आठवला तरी लाज वाटते. "ओटीपी दिला का कुणाला?" आवाज चढलाच होता.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "तू सांगितलंवतंस तसंच केलं. कुणालाबी ओटीपी दिला न्हाई."

आणि ते खरं होतं.

मी घरातला कॉम्प्युटरवाला. इंजिनिअरिंग झाल्यापासून गावातले निम्मे फोन माझ्या हाताखालून गेलेत. अण्णांना स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा मी तीन नियम पाठ करून घेतले होते. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. अनोळखी नंबरवरून आलेल्या लिंकला हात लावायचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणाला की फोन ठेवायचा. अण्णांनी तिन्ही नियम पाळले आणि तरीही पैसे गेले.

झालं असं. गुरुवारी संध्याकाळी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल आली. नावात पीएम किसान आणि केवायसी, शेवटी एपीके. पाठवणारा नंबर गावातल्याच एका माणसाचा, ज्यांच्या शब्दाला अण्णा मान देतात. ते कशाला खोटं पाठवतील? अण्णांनी फाईल दाबली. फोननं इशारा दिला, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, परवानगी द्यायची का. अण्णांनी दिली, कारण फोन रोजच कसली ना कसली परवानगी मागत असतो. मग सरकारी चिन्हाचं हुबेहूब पान उघडलं. आधार नंबर, एटीएम कार्डाचा नंबर, आणि खातं तपासायला एक रुपया. एका रुपयाला कोण घाबरतो?

एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप, प्ले स्टोअरला वळसा घालून थेट बसवायचं. हे अ‍ॅप बसताना मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती एकदा मिळाली की तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी तुमच्या आधी चोराला कळतो. तुम्हाला कुणी विचारतच नाही. पहारा देणाऱ्याला सांगून ठेवलंय की किल्ली कुणाला देऊ नकोस, आणि चोर भिंतीतूनच आत येऊन बसलाय.

पुढचं त्याहून वाईट. तेच अ‍ॅप अण्णांच्या फोनवरून त्यांच्या ग्रुपांवर गेलं. भाऊबंदांच्या, दूध संस्थेच्या, भजनी मंडळाच्या. ज्या माणसाकडून अण्णांना आलं, त्यांच्याकडंही ते असंच कुणा ओळखीच्याकडून आलं असणार. अनोळखी नंबरची लिंक उघडू नका हा माझा नियम इथं उलटा पडला होता. फसवणूक ओळखीच्या दारातूनच आली होती.

फोन ठेवायच्या आधी मी त्यांना एवढंच सांगितलं, मोबाईल विमान मोडवर टाका, शेजारच्या काकांचा फोन घ्या, १९३० ला लावा आणि लगेच बँकेत जाऊन कार्ड आणि खातं बंद करा. रात्री स्वारगेटहून एसटी पकडली.

१९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं, आणि तिथं जेवढे शिल्लक असतील तेवढे गोठवले जातात. शिल्लक असतील तेवढेच. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. पहिल्यातून चार, चारातून दहा, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून रोख. म्हणून पहिला तास सोन्याचा. अण्णांची तक्रार विसाव्या तासाला नोंदली गेली. एक लाख बारा हजारांतले नऊ हजार चारशे कुठल्यातरी खात्यात सापडले. तेही हातात पडायला महिने गेले. बाकीचे गेले ते गेले.

बँकेकडून भरपाई? तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणामुळं पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार नव्हता. पण गुप्त माहिती तुमच्याच निष्काळजीपणानं बाहेर गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. कार्डाचा नंबर अण्णांनी स्वतःच्या बोटानं टाकला होता. त्यामुळं आमच्याकडं बोलायला फारसं काही नव्हतं.

शनिवारी सकाळी घरी पोचलो. आईनं चहा दिला आणि काही बोलली नाही. तिलाही आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. मग अण्णांनी ते एकोणीस तास सांगितले. रात्री मेसेज बघितला, आधी वाटलं चुकून आला असेल. झोप लागली नाही. पहाटे उठून धारा काढल्या, दूध घातलं. दहाला बँकेत गेले. रांगेत पुढं ओळखीचे दोघं उभे होते. त्यांच्यासमोर कसं सांगायचं? मग नुसतं पासबुक भरून घेतलं आणि परत आले. मळ्यात जाऊन उसाला पाणी पाजलं.

"मला रात्रीच फोन का नाही केला?"

"तू वराडला असतास."

यावर काय बोलणार? मागच्या दिवाळीत आलेल्या फुकट रिचार्जच्या मेसेजवरून मी त्यांना चारचौघांत झापलं होतं. "शिकलेल्या पोराचे वडील तुम्ही, एवढं कळत नाही?" असं म्हणालो होतो. त्या एका वाक्याची किंमत मला आता रुपयांत सांगता येते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मी आजवर लिहिली नव्हती. २०२३ च्या सुरुवातीला माझी पहिली नोकरी गेली होती. घरी सांगितलं नव्हतं. पुण्याच्या खोलीत बसून दिवसाला तीस-तीस अर्ज टाकत होतो. अशात एक मेसेज आला, घरबसल्या काम, व्हिडिओ लाईक करायचे, प्रत्येक लाईकला पन्नास रुपये. पहिल्या दिवशी खरोखर दीडशे रुपये खात्यात आले. मग टेलिग्रामवरचा ग्रुप, तिथं रोज कमाईचे स्क्रीनशॉट टाकणारी माणसं. मग 'प्रीपेड टास्क', म्हणजे हजार भरा, तेराशे घ्या. तेही आले. मग पाच हजार भरले, आणि ते अडकले. सोडवायला आणखी भरा. मग कर म्हणून भरा. अडुसष्ट हजार जाईपर्यंत मी थांबलो नाही.

मी संगणक शाखेचा पदवीधर. तो ग्रुप खोटा आहे हे मला दुसऱ्या दिवशीच दिसत होतं. पण मला ते बघायचं नव्हतं. तेव्हा माझ्याकडं एकच गोष्ट होती, कुणीतरी मला काम दिलंय ही भावना. मी तक्रार केली नाही. कुणालाच सांगितलं नाही. अण्णांनी एकोणीस तास घेतले, मी दोन वर्षं घेतली होती.

त्या ग्रुपमधल्या 'मॅडम'चा मला फार राग यायचा. नंतर कळलं की असे कितीतरी अड्डे म्यानमार-कंबोडियात चालतात, आणि तिथं बसवलेल्यांत आपल्याकडचीच मुलं असतात, आयटीतल्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं अशा पाचशेहून जास्त जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. ती बातमी वाचताना पोटात गोळा आला. त्या महिन्यात मला लाईकच्या कामाऐवजी बँकॉकच्या नोकरीचा मेसेज आला असता, तर मीही बॅग भरली असती.

फसतो तो अडाणी, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. ऑगस्ट २०१८ मध्ये मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगला होतो. तेव्हा पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. चोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणारी यंत्रणाच बगलेत घातली. कार्डं बनावट, आणि पैसे द्यायचे का या प्रश्नाला परस्पर मिळणारा होकारही बनावट. शनिवारी, ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. त्यातले काही पैसे आमच्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही काढले गेले होते. आम्ही हॉस्टेलवर ही बातमी सिनेमासारखी चघळली. पण कोल्हापुरात एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं हॅकर नव्हती. कार्ड घालून पैसे काढायला धाडलेली साधी माणसं होती. तुमच्या वयाच्या मुलांना आज विचारणा होते ती याचसाठी. "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो." देऊ नका. चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून गेला की पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून सात कोटी गेले. इतका मोठा उद्योगपती. व्हिडिओ कॉलवर खोटं सुप्रीम कोर्ट भरवलं होतं, समोर सरन्यायाधीश म्हणून कुणीतरी बसवलेला. यालाच 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ते सांगितलं. तरी लोक फसतात, कारण चोर सगळ्यात आधी एकच गोष्ट करतो, तुम्हाला एकटं पाडतो. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही.

म्हणून आता मी नियम बदललेत. रोज नवी युक्ती निघते, तिच्या मागं धावण्यात अर्थ नाही. मी खुणा बघतो. घाई करतोय का? कुणाला सांगू नका म्हणतोय का? पैसे मिळवायला आधी पैसे भरायला, पिन टाकायला सांगतोय का? यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप बसवायला किंवा स्क्रीन दाखवायला सांगतोय का? यातलं एक जरी असलं तर फोन खाली ठेवायचा आणि घरातल्या कुणालातरी हाक मारायची. ओळखीच्या माणसानं फाईल पाठवली असेल तर त्यालाच साधा फोन लावून विचारायचं, तुम्हीच पाठवली का? अण्णांनी तो एक फोन केला असता तर दोन घरं सावध झाली असती.

त्या शनिवारी संध्याकाळी मळ्यात मोटारीजवळ बसलो होतो. मी सांगून टाकलं. "अण्णा, माझे पण गेले होते. दोन वर्षांपूर्वी."

"किती?"

"अडुसष्ट हजार. नोकरी पण नव्हती तेव्हा."

ते पाटाच्या पाण्याकडं बघत राहिले. "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

"काय म्हणणार? जेवलास का म्हणलो असतो."

घरी येऊन फोन पूर्ण पुसून नव्यानं सुरू केला, पासवर्ड बदलले. मग अण्णांनी फोन मागून घेतला आणि तिन्ही ग्रुपांवर आवाजातला मेसेज टाकला. मी सुचवलं नव्हतं. स्वतःचं नाव सांगितलं, रक्कम सांगितली. "माझ्या नंबरवनं आलेली फाईल कुणी उघडू नका. मी फसलोय." भजनी मंडळाच्या ग्रुपवर बराच वेळ शुकशुकाट. मग रात्रभरात तिघांचे फोन आले. दोघांनी फाईल दाबली होती, पैसे अजून गेले नव्हते. तिसऱ्याचे महिन्याभरापूर्वीच गेले होते. त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं.

ठिबक त्या वर्षी बसलं नाही.

परवा मीटिंगमध्ये असताना अण्णांचा फोन आला. "ह्यो एक मेसेज आलाय. वाचू का?" वाचला. वीजबिलाचा होता, खराच. मी म्हटलं, "बरोबर आहे, भरा. विचारलंत ते बरं केलंत." मीटिंगमधला एकजण माझ्याकडं बघून हसला. मी त्याला विचारलं, तुझ्या वडिलांनी तुला असा फोन शेवटचा कधी केला होता?