ड्रिल कुठे टेकवायचं?

मुलुंडच्या एका पागडीच्या इमारतीत गेलो, तेव्हा हातात दोन ऑडिट-अहवाल होते. मालकाच्या इंजिनिअरने इमारत ‘सी-१’ ठरवली होती, म्हणजे रिकामी करून पाडायची. भाडेकरूंच्या इंजिनिअरने ‘सी-२बी’, म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्त होण्यासारखी. असे दोन अहवाल भांडू लागले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. त्याआधी दोन्ही बाजूंनी मिळून मला तिसरा इंजिनिअर म्हणून बोलावलं होतं.

आकडे तपासले. खोटा एकही नव्हता. एकाने ड्रिलने काँक्रीटचे नमुने, म्हणजे कोअर, काढले होते मोरीच्या डक्टलगतच्या, वर्षानुवर्षं पाणी मुरलेल्या कॉलममधून. दुसऱ्याने जिन्याजवळच्या कोरड्या कॉलममधून. प्रयोगशाळेत नमुना पोचण्याआधीच निकाल लागला होता.

मी नकाशा सगळ्यांसमोर पसरला. चार जागा मालकाने सांगायच्या, चार भाडेकरूंनी, चार मी. प्रत्येक जागेवर खडूची खूण आणि नकाशावर दोघांच्या सह्या. निःपक्षपातीपणा नुसता मनात असून भागत नाही, तो समोरच्याला दिसावा लागतो.

मागच्या बाजूच्या एका कॉलमचा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. आतला भाग गर्द गुलाबी झाला, बाहेरचा करडाच राहिला. शेजारच्या खोलीतल्या आजी वाकून बघत होत्या.

“गुलाबी म्हणजे चांगलं ना?”

“हो आजी. गुलाबी आहे तिथलं काँक्रीट सळईला अजून जपतंय. पण सळई बघा कुठे आहे.”

सळई करड्या भागात होती आणि तिच्यावर गंजाचे पापुद्रे आले होते. मालकही तिथेच बघत होता.

२५ जुलै २०१७ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली साईसिद्धी इमारत कोसळली, १७ माणसं गेली. ते आठवलं की कुणाची कीव येऊन अहवाल मऊ करायला हात धजावत नाही. आणि एकदा खोली सोडली की परत कधी यायचं, हे मुंबईत कुणीच छातीठोक सांगत नाही. म्हणून अहवाल विनाकारण कडक करायलाही हात धजावत नाही.

बाराही जागांचे निकाल मांडून मी ‘सी-२ए’ लिहिलं: मागची बाजू रिकामी करायची, मग दुरुस्ती. मनासारखं कुणाचंच झालं नाही. पण आणखी एक अहवाल मागवा, असंही कुणी म्हणालं नाही.

आजींची खोली मागच्याच बाजूला. सामान बांधताना त्या शेजारणीला सांगत होत्या, “मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय गं.”