हद्दीबाहेरची गावं

मुक्कामाची एसटी येते ते खेडं, आणि ज्याला स्वतःचा डेपो आहे ते गाव, अशी विभागणी माझे वडील करायचे. सरकारी व्याख्येत लोकसंख्या, नगरपालिका, बिगरशेती व्यवसाय असलं बरंच काही असतं. पण वडिलांची व्याख्या मला अजून जास्त पटते. मुक्कामाची गाडी रात्री येते, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात पाठ टेकतात आणि पहाटे ती गावातली माणसं भरून निघून जाते. डेपोच्या गावातून गाड्या चारी दिशांना सुटतात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतली माणसं तिथं येतात. गारगोटी, गडहिंग्लज, कागल, कुरुंदवाड, मलकापूर ही कोल्हापूरच्या भोवतालची अशी डेपोची गावं. कोल्हापूरकर त्यांना एका दमात ‘ग्रामीण भाग’ म्हणून मोकळे होतात. आमच्या गारगोटीकडे मात्र तालुक्याला जाणं आणि कोल्हापूरला जाणं यांत फार अंतर होतं. तालुक्याला जायला पायात चप्पल असली की पुरे. कोल्हापूरला जायला इस्त्रीचा सदरा लागायचा.

मी कॉलेजसाठी कोल्हापुरात राहिलो तेव्हा माझं जेवण रोज गारगोटीहून यायचं. पहाटे आई भाकरी थापायची, डब्याच्या कडीला फडकं बांधायची आणि वडील तो गाडीत नेऊन द्यायचे. सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर आम्हा पोरांचा घोळका उभा असायचा. राधानगरीची पोरं वेगळी, आजऱ्याची वेगळी. गाडी लागली की ड्रायव्हरच्या केबिनमधून डबे उतरायचे. झाकणावर ऑइलपेंटनं लिहिलेली नावं कंडक्टरला वाचायची गरज नसायची. “पोरा, आज डबा जड हाय. आईनं काय लाडू घातल्यात वाटतं,” असं तो सगळ्यांदेखत सांगायचा आणि संध्याकाळपर्यंत त्या लाडवांवर खोलीतल्या चौघांचा हक्क लागायचा.

रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा, पण तो खरोखर रिकामा क्वचितच असायचा. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, शेजाऱ्याच्या पंपाचं वॉशर, चुलतभावाच्या प्रवेशअर्जाचा कागद, एकदा तर कुणाच्या तरी चष्म्याची काच. शहरानं गावाला काय दिलं याचा हिशेब मांडायचा तर मी त्या परतीच्या डब्यापासून सुरुवात करीन. गावानं शहराला काय दिलं हे मात्र त्या घोळक्यात उभं राहिलं की दिसायचं. अख्खं कॉलेज बाहेरून आलेल्या भाकरीवर शिकत होतं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगं काढायला सुरुवात केली, ती याच पोरांसाठी. शिक्षण शहरात आहे आणि पोरगं खेड्यात, तर पोराला शहरात राहायला जागा द्या, असा तो रोखठोक विचार होता. पुढे जे. पी. नाईकांनी तोच प्रश्न उलट्या बाजूनं सोडवला. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेला हा माणूस कोठारी शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव होता. देशाच्या शिक्षणधोरणावर त्याची छाप आहे. त्यानं मौनी विद्यापीठ उभं केलं ते गारगोटीत. डोंगराच्या पायथ्याच्या, वेदगंगेकाठच्या गावात बालवाडीपासून महाविद्यालयापर्यंतचं शिक्षण एका आवारात आणायचं, आणि तेही शहराची नक्कल न करता, हे धाडस होतं. ते पूर्ण साधलं असं मी म्हणणार नाही. साधलं असतं तर माझा डबा स्टँडवर आला नसता. पण गारगोटीच्या भुदरगड तालुक्यातल्या पोरींच्या एका पिढीला घर न सोडता पदवी मिळाली, ती त्या आवारामुळे. १९४२ च्या १३ डिसेंबरला ज्या गावातल्या कचेरीवरच्या हल्ल्यात सात जण हुतात्मे झाले, त्या गावाला कुणाच्या मागे फरफटत जायची सवय नव्हती, एवढं तरी खरं.

गावं घडतात कशी, हे पाहायचं असेल तर जयसिंगपूरला जावं. बाकीची गावं ओढ्याकाठी, किल्ल्याखाली, देवळाभोवती आपोआप वाढली. जयसिंगपूर आखून वसवलं. शाहू महाराजांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, कोल्हापूर–मिरज लोहमार्गाच्या कडेला ही पेठ वसवली आणि आपले जनक वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांचं नाव तिला दिलं. लोहमार्ग १८९१ पासून होताच. शेतकऱ्याचा माल रेल्वेजवळ विकला जावा आणि व्यापाऱ्याला तिथंच गोदाम मिळावं, हा हिशेब. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आणि गल्ल्यांना नुसते क्रमांक. आजही तिथं पत्ता सांगताना ‘सहावी गल्ली’ म्हणतात. जुन्या गावांत गल्लीला जातीचं, धंद्याचं किंवा कुठल्यातरी सरदाराचं नाव असतं. इथं पाटी कोरी ठेवून सुरुवात झाली. सांगली जवळ, कोल्हापूर त्याच्या तिप्पट लांब, तरी जयसिंगपूर दोघांपैकी कुणाचंही उपनगर झालं नाही. दर वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर तिथं ऊस परिषद भरते आणि उसाला पहिली उचल किती मागायची ते ठरतं, तेव्हा दोन्ही शहरांतले साखरसम्राट या क्रमांकाच्या गल्ल्यांकडे कान लावून बसतात.

हुपरीची गोष्ट निराळी. तिथं महाराजांनी काही आखलं नाही. घराघरांत चांदी वितळते, तार ओढली जाते, घुंगरू जोडले जातात. दुपारच्या वेळी गावातून चाललं तर दारात बसलेल्या बायकांच्या मांडीवर पैंजणांचे गुंते दिसतात आणि बोटं गप्पांच्या लयीत चालत असतात. भारतभरच्या सराफ बाजारात हुपरीचे पैंजण पोचलेत, पण हुपरी नकाशावर कुठं आहे हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि हुपरीकरांचं त्यावाचून काही अडत नाही. कागलच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपली की माणूस घरी जातो. हुपरीत घरच कारखाना, त्यामुळे काम संपत नाही आणि नोकरीही जात नाही. मात्र चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली की या गावाची झोप उडते. भांडवल दुप्पट अडकतं, गिऱ्हाईक हलका पैंजण मागतं, आणि मजुरी जोडकामावर असल्यामुळे बाईच्या हातात मात्र फारसं काही वाढून पडत नाही. भाव वाढल्याच्या बातमीत ही बाई कधी नसते.

अशा गावांना शहराचं भय नसतं, असं माझं निरीक्षण आहे. गडहिंग्लजकराला कोल्हापूरचं काही वाटत नाही. त्याच्याकडे मिरचीचा बाजार आहे, प्रांत कचेरी आहे, दिवाळीत बाहेरचे संघ खेळायला येतात असा फुटबॉल आहे. कोल्हापूरच्या पेठांतल्या तालमींना आपल्या फुटबॉलचा केवढा अभिमान, पण गडहिंग्लजच्या मैदानावर त्यांनाही जपून बोलावं लागतं. ज्या गावात उतरायला दुसऱ्या गावच्या माणसाकडे काही कारण असतं, ते गाव टिकतं. गाव लहान असलं तरी चालतं. पन्हाळ्याची वस्ती जेमतेम तीन हजारांची, पण तिथं नगरपरिषद आहे.

भय आहे ते शहराला चिकटलेल्या गावांना, आणि मी आता त्यांपैकीच एकात राहतो. उचगावात. माझ्या पत्रावर कोल्हापूर लिहिलेलं असतं, माझी नोकरी कोल्हापुरात झाली, दवाखाना कोल्हापुरात. घरफाळा मात्र मी ग्रामपंचायतीत भरतो. माझ्या इमारतीला लिफ्ट आहे आणि खाली चौकात ग्रामसभेची नोटीस लागते. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ च्या १५ डिसेंबरला झाली. नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण हद्द होती तीच राहिली. तेव्हापासून हद्दवाढीचे प्रस्ताव निघतात, कधी अठरा गावांचे, कधी बेचाळीस गावांचे. शहरात हद्दवाढीसाठी बंद होतो आणि आठवडाभरात गावांत हद्दवाढीविरुद्ध. २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून बेचाळीस गावांसाठी विकास प्राधिकरण आलं. त्यानं बांधकाम परवान्याच्या खिडकीवर एक रांग वाढवली, याहून मोठं काम माझ्या तरी पाहण्यात नाही.

शहरवाले म्हणतात, तुम्ही आमची केएमटी बस वापरता, आमचे रस्ते वापरता, मग कर का देत नाही? विरोध करणाऱ्या गावांची बससेवा बंद करा, अशी मागणीही होते. गाववाले म्हणतात, आधी तुमच्या हद्दीतले खड्डे बुजवा, मग आमच्याकडे या. दोघांचंही खरं आहे, म्हणून भांडण संपत नाही. गावांची बाजू सगळीच शुद्ध आहे असंही नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत इमारत उभी करणं सोपं जातं, यात कुणाकुणाचं भलं झालं ते चौकातलं पोरही सांगेल. ओढ्याच्या पात्रात भराव पडला तो शहरानं येऊन टाकला नाही. पण घरफाळा वाढेल म्हणून गावं रडतात, हे शहरातलं आवडतं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. उचगावातल्या जुन्या घरातला माणूस पन्नास पैशांसाठी भांडत नाही. त्याच्याकडे आज सरपंच आहे, ज्याच्या दारात तो उद्या सकाळी जाऊन उभा राहू शकतो. उद्या त्याला एक प्रभाग मिळेल आणि प्रभागाला क्रमांक. जयसिंगपूरच्या गल्ल्यांनाही क्रमांकच आहेत खरे, पण ते गाव वसताना पडले. वसलेल्या गावावर कुणी चिकटवले नाहीत.

शेजारचं गांधीनगर पाहिलं की हद्द म्हणजे काय असा प्रश्न पडतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ला, इथं वळिवडे कॅम्पात पोलंडमधल्या निर्वासितांना जागा मिळाली. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका-मुलं. ती १९४८ पर्यंत गेली आणि त्याच बराकींत फाळणीत उखडलेले सिंधी आले. त्यांनी तिथं कापडाची घाऊक पेठ उभी केली. आज लग्नाचा बस्ता बांधायला निपाणी-चिकोडीकडची माणसंही सीमा ओलांडून तिथं उतरतात. पोलिश, सिंधी, कन्नड, मराठी इतक्या भाषा ऐकलेलं हे ठिकाण कागदावर खेडं आहे. ज्यांच्या बापजाद्यांनी एक देश गमावून दुकान मांडलं त्यांना शहराची हद्द काय सांगायची, असं तिथल्या गल्ल्यांतून हिंडताना हमखास मनात येतं.

शहराला आपल्या भोवतालच्या गावांची किंमत कळते ती महापुरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. शहरात पेट्रोल पंपांवर रांगा, भाजी नाही, दूध नाही. दूध गावांत होतं, शहरात यायला वाट नव्हती. गोठ्यातलं दूध लोकांनी शेजाऱ्यांत वाटलं, उरलेलं आटवलं. बाहेरून येणाऱ्या भाकरीवर शहर जगतं हे आम्ही पोरं स्टँडवर रोज बघत होतो. ते त्या आठवड्यात सगळ्यांनाच कळलं. त्याच वेळी खाली शिरोळ तालुक्यात परिस्थिती फार वाईट होती. नृसिंहवाडीचं दत्तमंदिर तर दर पावसाळ्यात पाण्यात जातं, त्याचा सोहळा होतो. पण त्या वर्षी कुरुंदवाडच्या घरांत माणसं माळ्यावर चढून होड्यांची वाट बघत होती. ज्या गावात मशिदीत गणपती बसतो, त्या गावानं पूरग्रस्तांच्या छावणीतही कोण कुठल्या गल्लीचा हे विचारलं नसणार, याबद्दल मला शंका नाही.

पूर ओसरला की कुरुंदवाडला शहर विसरतं, पण शहराचं पाणी कुरुंदवाडला विसरत नाही. कोल्हापूरचा सांडपाण्याचा जयंती नाला पंचगंगेला मिळतो. पुढे इचलकरंजीची भर पडते. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणलेल्या पहिल्या यंत्रमागापासून वाढत गेलेलं ते गाव आता स्वतःच महानगरपालिका झालंय आणि प्यायच्या पाण्यासाठी कधी वारणेकडे, कधी दूधगंगेकडे बघतंय. दानोळीकरांनी वारणेचं पाणी द्यायला नकार दिला, कागलकरांनी दूधगंगेचं. घरासमोर नदी असताना पाणी दुसऱ्याच्या दारात मागायला लागावं, ही वेळ इचलकरंजीवर नदीनं आणलेली नाही. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ जलपर्णी साचते, मासे मरून वर येतात, स्थानिक पेपरात फोटो छापून येतो. पुढच्या उन्हाळ्यात तारीख बदलून तोच फोटो.

म्हणजे कोल्हापूरची हद्द नकाशावर १९७२ पासून हललेली नसली तरी नदीतून ती रोज वाढते, नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत जाते. त्या हद्दवाढीला कुठल्याही ग्रामसभेचा ठराव लागला नाही. तेव्हा पुढच्या वेळी हद्दवाढीची बैठक लावाल तेव्हा उचगाव-पाचगावच्या सरपंचांबरोबर कुरुंदवाडच्या आणि शिरोळच्या नगराध्यक्षांनाही बोलवा, आणि पहिला विषय घरफाळ्याचा नको, नाल्याचा ठेवा.