एक वाटी कनकी

होळी सरली की मुर्रीच्या शिवारात बकऱ्यांना चरण्यासारखं फारसं उरत नाही. धान कधीच कापून झालेलं असतं, बांध्यांमधली लाखोरीही उपटून नेलेली असते आणि धुऱ्यावरचं गवत पिवळं पडलेलं असतं. मे महिन्यात आमच्या गोंदियाकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बकऱ्या सकाळी लवकर निघतात, ऊन चढायच्या आत परततात, संध्याकाळी पुन्हा थोडं फिरतात. चालणं जास्त, खाणं कमी. परतल्यावर त्यांच्या डाव्या कुशीत खड्डा दिसतो, आणि तो बघवत नाही.

त्या उन्हाळ्यात मला तो बघवला नाही, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

आमच्याकडे तेव्हा पाच बकऱ्या होत्या. त्यातली काळी गाभण होती, शेवटच्या महिन्यात. माय एका लग्नाला गेली होती, रात्री मुक्कामी राहणार होती. जाताना सांगून गेली, ‘‘उंबराचा पाला टांगून ठेव बाबू, बाकी काही नको देऊ.’’ माझी नुकतीच नोकरी लागली होती. राइस मिलमधून मी स्वतःच्या पैशानं कनकीचं पोतं आणलं होतं. पाल्यावर काय भागणार, असं मला वाटलं. मी घमेलं भरून कनकी पुढ्यात ठेवली. काळी सगळ्यांत दांडगी. तिनं बाकीच्यांना शिंगांनी हटवलं आणि जवळजवळ सगळी एकटीनंच खाल्ली. ती खाताना बघून मला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

सकाळी ती उठली नाही. पोट तट्ट, दात करकर वाजत होते, मागून पातळ हगवण. गावातल्या एकानं खायचा सोडा पाजला, डॉक्टरही येऊन गेले. दुपारी माय परतली तेव्हा काळी गेलेली होती, आणि तिच्या पोटातली पिल्लंही.

माय ओरडली नाही. घमेल्याला चिकटलेले दाणे तिनं बोटानं पुसले आणि म्हणाली, ‘‘जनावर भुकेनं हळूहळू मरते बाबू. असं खाऊन एका रात्रीत मरते.’’

कारण मला नंतर कळलं. बकरीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्म जंतू राहतात. पाला, गवत, काड्या तेच पचवतात. त्यांना सवय नसताना एकदम पिष्टमय दाणा आला की तो आंबतो आणि त्याचं आम्ल होतं. ते आम्ल अंगातलं पाणी पोटात ओढतं, मग रक्तात उतरतं. लग्नाच्या जेवणावळीतला उरलेला भात खाऊन बकऱ्या मरतात, त्याही अशाच.

पण म्हणून खुराक द्यायचाच नाही, असंही नाही. बकरी साधारण पाच महिन्यांनी विते आणि पिल्लाची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमकी तेव्हाच पिल्लांमुळे पोटात चाऱ्याला जागा कमी पडते. आमच्याकडे तणसीचे ढीग असतात, पण धानाची तणीस बकरी नाखुशीनंच खाते, आणि तिच्यात कस तो किती! नुसत्या वाळक्यावर ठेवलेली बकरी अशक्त पिल्लं देते आणि तिला दूधही उतरत नाही. म्हणजे माझी दया चुकीची नव्हती. माप चुकलं होतं, आणि घाई झाली होती.

आता आमच्या घरचा नेम ठरलेला आहे. आधी पाला: उंबर, पिंपळ, बोर, जे मिळेल ते. तो दोरीनं उंचावर टांगायचा, कारण पायाखाली तुडवलेला पाला बकरी तोंडात घेत नाही. सुबाभूळ असेल तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच. पाल्यानं पोट धरलं की मग खुराक: कनकी, थोडी जवसाची ढेप, कोंडा, चिमूटभर मीठ आणि क्षारांची भुकटी. कोंडा ताजाच, उन्हाळ्यात तो लवकर खवट होतो. सुरुवात मूठभरानं, आणि आठ-दहा दिवसांत वाढवत गाभण बकरीला पाव किलोपर्यंत, तेही दोन वेळांत वाटून. प्रत्येकीचं भांडं वेगळं, म्हणजे दांडगी दुसरीचं खात नाही. पाणी दिवसभर समोर.

२०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी अशाच दोन-चार-पाचांच्या कळपातल्या, घरातल्या बाईच्या हातच्या. दवाखाना, शाळेची फी, बियाणं, काही अडलं की त्यातली एक बाजारात जाते. काळीच्या होणाऱ्या पिल्लांवर मायनं माझ्या बहिणीच्या बाळंतपणाचा खर्च धरला होता. हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं नाही, वर्षभरानं सांगितलं. तो खर्च मग माझ्या पगारातून झाला, पण मायनं तो कधी काळीच्या हिशेबात धरला नाही.

मागच्या उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा मायचे गुडघे दुखत होते. तिनं स्टीलची वाटी माझ्या हातात दिली. मी पोत्यात वाटी बुडवली आणि वर आलेली शीग बोटानं पाडून सपाट केली. माय दारात बसून बघत होती. काही बोलली नाही, पण चौथ्या बकरीच्या पुढ्यात वाटी ओतेपर्यंत तिची नजर माझ्या हातावरून हलली नाही.