आंबटातलं दुसरं

रायगडाच्या रोपवेखाली, हिरकणीवाडीत, एक मावशी ताक विकतात. मी काय काम करते, असं त्यांनी एकदा विचारलं. म्हटलं, दह्यातल्यासारख्या जंतूंची पावडर येते, तिच्यात नको ते कुणी शिरलंय का बघते. ‘आंबट झालं की त्यात दुसरं काय टिकत नाय,’ मावशी म्हणाल्या.

माझी डोकेदुखी नेमकी तीच.

एरवी प्लेट कोरी निघाली की जीव भांड्यात पडतो. या प्रोबायोटिक पावडरीत कोट्यवधी जंतू मुद्दामच घातलेले; एकूण आकडा मोजून हाती काय लागणार? नोकरीच्या पहिल्या वर्षी साल्मोनेला हा रोगजंतू शोधायला 25 ग्रॅम पावडर 225 मिलिलिटर पेप्टोन वॉटरमध्ये घालून रात्रभर 37 अंशांवर ठेवली. पुढच्या पायऱ्या केल्या, काही उगवलं नाही, ‘नाही’ लिहून मोकळी झाले. वरिष्ठ बाई म्हणाल्या, ‘आता स्वतः साल्मोनेला घाल आणि शोध.’ घातला. सापडेना. बाटलीत पीएचची पट्टी बुडवली तर साडेचार! पावडरीतल्या लॅक्टोबॅसिलसनी रात्रीत त्या पाण्याचं ताक करून ठेवलं होतं. मग पावडर आणखी पातळ केली, आंबटपणा आवरणारा बफर दुप्पट केला, तेव्हा कुठे मी घातलेला पाहुणा हाती लागला. आता नवं सॅम्पल आलं की आधी हा खटाटोप.

मावशींची वाडी जिच्या नावाची, ती हिरकणी रायगडाचा कडा उतरली आणि शिवाजी महाराजांनी तिथंच बुरूज बांधला, म्हणतात. त्या माउलीची साल्मोनेलाशी तुलना करणं पापच, पण तट कुठे उघडा आहे हे तिनंच दाखवलं ना!

मावशींचं म्हणणं बुरशीपाशी मात्र फसतं. तिला आंबटाचं भय नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दिलेल्या प्रोबायोटिक पावडरीत ऱ्हायझोपस बुरशी निघाली. बाळ वाचलं नाही. म्हणून बुरशीच्या प्लेटमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल घालून जंतू दाबायचे आणि 25 अंशांवर पाच दिवस वाट बघायची. माल अडकलाय म्हणून रोज फोन येतात. येऊ देत.

बुरशीचं सांगितल्यावर मावशींनी मडकं तिरकं करून त्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं. ‘ती हितं धरते. मधी नाय.’ मडकं कढत पाण्यानं धुऊन उन्हात ठेवायचं. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा चुलीच्या धगीवर पालथं.