धक्का पुढच्या गोळीला बसतो

बेंगळूरूच्या विमान कारखान्यात नोकरी करणारे केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) सवड मिळाली की रायफल घेऊन दक्षिणेची वाट धरत. होसूर, जवळगिरी आणि कावेरीच्या अंगाने पसरलेली जंगले ही त्यांची मुलूखगिरी. १९५४ साली त्यांचे 'नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि नरभक्षकांच्या त्या कथांबरोबर एक रायफलही वाचकांच्या ओळखीची झाली. ती म्हणजे .४०५ विंचेस्टर, १८९५ सालचे मॉडेल. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा त्यांच्याकडेही हेच काडतूस होते. गोळी जाडजूड, साडेएकोणीस ग्रॅमची. आणि खांद्याला बसणारा धक्का प्रसिद्ध.

त्याच काळात, दूर उत्तरेला कुमाऊँमध्ये, जिम कॉर्बेट यांच्या हातात निराळीच रायफल होती. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल त्यांना ती १९०७ साली भेट मिळाली होती. .२७५ रिग्बी हे तिचे नाव. काडतूस म्हणजे जर्मन माउझरचे ७×५७ मिलिमीटर. वजनाला हलकी, धक्का सौम्य. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली कॉर्बेट यांनी हिच्याच गोळीने टिपला.

दोघेही नावाजलेले शिकारी, दोघांचीही गाठ हिंस्र जनावरांशी. एकाचे काडतूस खांदा हलवून सोडणारे, दुसऱ्याचे सोसवेल असे. यातले निवडावे कोणते? या प्रश्नाचे पहिले उत्तर नववीच्या पुस्तकातच आहे.

रायफल झाडण्याआधी स्थिर असते, म्हणजे एकूण संवेग शून्य. गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच संवेग रायफलीला मागच्या दिशेने मिळतो. आता ढोबळ आकडे मांडून पाहावेत. .४०५ ची १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगाने निघते. गोळीचा संवेग १३ आणि वायूचा सुमारे ४, असे मिळून १७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतात. रायफलीचे वजन ३.७ किलो धरले, तर ती सेकंदाला साडेचार मीटरहून थोड्या अधिक वेगाने मागे येते आणि खांद्याला सुमारे ४० ज्यूल ऊर्जा पोचवते. एक किलोचे वजन चार मीटर उंचीवरून पडावे तेवढी ही ऊर्जा. ७×५७ ची जुन्या धाटणीची ११.२ ग्रॅमची गोळी ७०० मीटर वेगाने निघाली, तर साडेतीन किलोच्या रायफलीत हाच हिशेब सुमारे १७ ज्यूलवर येतो. धक्का निम्म्याहून कमी झाला.

इथे एक बारकावा आहे. धक्का ठरतो मुख्यतः संवेगाने, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गोळीने नेलेली ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून संवेग तितकाच ठेवून गोळी हलकी आणि वेगवान केली, तर खांद्यावर फारसा जास्त भार न पडता लक्ष्यापाशी अधिक ऊर्जा पोचते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिए यांनी धूरविरहित दारू तयार केली आणि हा मार्ग मोकळा झाला. नळ्यांचा व्यास घटत गेला, वेग वाढत गेला. १९५५ साली आलेले .२४३ विंचेस्टर हे याचे चांगले उदाहरण. साडेसहा ग्रॅमची गोळी ९०० मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा २,६०० ज्यूलच्या वर, म्हणजे जुन्या ७×५७ च्या जवळपास, पण खांद्यावर येतात जेमतेम १२ ज्यूल. २००७ मधले ६.५ क्रीडमूर त्याच वाटेवरचे. त्याची गोळी लांबट आणि निमुळती असल्याने हवेचा विरोध कमी होतो आणि दूरवर जाऊनही वेग टिकून राहतो.

मात्र या हिशेबाला खालून एक मर्यादा आहे. गोळी हलकी करत गेले, की ती शरीरात खोल शिरेनाशी होते. गव्याच्या खांद्यापुढे किंवा हत्तीच्या कवटीपुढे नुसता वेग कामाचा नाही. तिथे गोळीचे वजन, लांबी आणि कठीण आवरण यांना महत्त्व येते. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक ७×५७ सारख्या लहान काडतुसाने. आज ती संख्या वाचून अंगावर काटा येतो. त्यामागे हत्तीच्या कवटीचा काटेकोर अभ्यास आणि मेंदूवर अचूक बसणारी लांब, भरीव गोळी होती. तो अभ्यास नसलेल्याने त्याचे अनुकरण करणे म्हणजे क्रौर्यच.

दुसरे उत्तर शरीरशास्त्रात आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे.

गोळी नळीत असताना रायफल मागे किती सरकते? बाह्य बल नगण्य मानले, तर वस्तुमानकेंद्र जागचे हलत नाही. .४०५ ची नळी सुमारे ६१ सेंटिमीटरची. गोळी ते अंतर तोडेपर्यंत रायफल सरकते सुमारे साडेतीन मिलिमीटर. एवढ्याला लागतात दोनएक सहस्रांश सेकंद. माणसाच्या प्रतिसादाला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा तरी. म्हणजे खांद्याला कळ जाणवते तेव्हा गोळी केव्हाच निघून गेलेली असते. त्या गोळीचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. धक्का बसतो तो पुढच्या गोळीला.

कारण शरीर लक्षात ठेवते. पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणी खांदा आपोआप पुढे रेटतो, डोळे मिटतात, मनगट आवळते, आणि नळीचे तोंड खाली झुकते. धक्का येण्यापूर्वीच शरीर धक्क्याला उत्तर देऊन मोकळे होते. हे दचकणे नेमबाजाच्या स्वतःच्या ध्यानात येत नाही, कारण त्याच क्षणी रायफल खरोखर उडते आणि सगळे झाकले जाते. म्हणून प्रशिक्षक एक साधी युक्ती करतात. खऱ्या काडतुसांत एखादे निकामी काडतूस नेमबाजाच्या नकळत घालून ठेवतात. चाप ओढला जातो, आवाज होत नाही, धक्का येत नाही. तरी नळी झुकते. आजूबाजूचे सगळे ते पाहतात. धिप्पाड माणसांचीही नळी अशी झुकते आणि त्या क्षणी त्यांचा चेहरा उतरतो. यात भित्रेपणा नाही. डोळ्यापुढे हात आला की पापणी मिटते, त्याच जातीची ही गोष्ट आहे. आणि धमकावून पापणी उघडी ठेवता येत नाही.

धक्का सोसण्यात पुरुषार्थ मानणाऱ्यांना हे पटायला जड जाते. मोठ्या काडतुसाचा मोठा आवाज, निळा पडलेला खांदा आणि त्याची संध्याकाळी सांगितलेली हकिकत यांची एक जुनी ऐट आहे. त्या ऐटीची किंमत मात्र शिकारी देत नाही.

ती कोण देतो, हे कॉर्बेट यांच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) या पुस्तकात दिसते. वाघ नरभक्षक का होतो याचे जे कारण ते पुढे ठेवतात, त्यात जखमांना मोठे स्थान आहे: साळिंदराचे काटे, किंवा निष्काळजीपणे झाडलेली गोळी आणि जखमी जनावराचा पाठलाग अर्धवट सोडणारा शिकारी. चंपावतच्या वाघिणीच्या तोंडात उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे, दोन्ही सुळे मोडलेले होते, आणि ते बंदुकीच्या जुन्या जखमेने. नेहमीचे भक्ष्य तिला पकडता येईना. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले. त्या पहिल्या बंदुकीमागचा माणूस इतिहासात कुठेच नाही. गवत कापायला, लाकडे आणायला गेलेल्या ज्या बाया परतल्या नाहीत, त्यांनी मात्र त्याच्या चुकलेल्या नेमाची किंमत मोजली.

म्हणून काडतुसाची निवड ही खांद्याच्या सोयीपुरती बाब राहत नाही. त्या जनावराला पुरेसे असलेल्या काडतुसांपैकी, ज्याला आपले शरीर भीत नाही असे काडतूस घ्यावे, हे तिचे सूत्र. सूत्राचे दोन्ही भाग सारखेच आवश्यक आहेत. काडतूस अपुरे असले तर जनावर जखमी होऊन निसटते, आणि सोसवेनासे असले तरीही तेच होते. अँडरसन यांच्या हातात .४०५ आयुष्यभर शोभली, कारण त्यांचे शरीर तिला सरावले होते. ती प्रत्येकाच्या खांद्याला सरावेल असे नाही.

भारतात हा प्रश्न आज शिकारीपुरता जवळजवळ मिटला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे युग संपवले, आणि ते योग्यच झाले. सूत्र मात्र जिवंत आहे, आणि त्याचे सर्वांत शुद्ध रूप पाहायचे तर नेमबाजीच्या मैदानावर जावे लागते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर, बहात्तर वर्षांनी, महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे वैयक्तिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचे विश्वविजेतेपद जिंकले होते. या दोन्ही प्रकारांत वापरले जाते .२२ लाँग रायफल, जगातल्या सर्वांत सौम्य काडतुसांपैकी एक. गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. सहा किलोच्या रायफलीत खांद्यावर येणारी ऊर्जा एका ज्यूलच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे अँडरसन यांच्या रायफलीच्या पाचशेव्या हिश्शाच्या आसपास.

पण ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळी नळीत असताना ही रायफलही सुमारे पाव मिलिमीटर सरकतेच. धक्का इतका कमी असूनही नेमबाज गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने तासन्‌तास एकच ठेवण घोटतात, कारण तेवढे सरकणेही दर वेळी एकाच रेषेत व्हावे लागते. धक्क्याचे भय उरले नाही, की मगच श्वास, नाडीचे ठोके आणि चापावरच्या बोटाचा दाब जाणवू लागतात. मोठ्या आवाजाखाली लपलेल्या चुका शांततेत उघड्या पडतात. म्हणून नवशिक्याच्या हातात पहिली रायफल .२२ चीच द्यावी, आणि अनुभवी माणसानेही अधूनमधून तिच्याकडे परतावे. कानांना संरक्षण हवेच, कारण शरीर धक्क्याइतकेच आवाजालाही भिते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी वरचे सगळे आकडे कागदावर करून पाहावेत. संवेगाचे समीकरण दोन ओळींत संपते. त्यात खांद्याचे वस्तुमान घालता येते, रायफलीचे घालता येते. भीतीसाठी त्यात जागा नाही. ती दिसते फक्त निकामी काडतुसावर झुकलेल्या नळीत. आणि ज्याला ती नळी पाहून लाज वाटण्याऐवजी कुतूहल वाटते, तोच पुढे नेमबाज होतो.