कॉम्प्युटरची समजूत

जुन्या एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीला स्कॅनर जोडला की मी लगेच सेल्फ मारत नाही. चावी फक्त ऑन करतो आणि सगळ्यात आधी मॅप सेन्सरचा आकडा बघतो. हा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. इंजिन बंद असताना तिथे बाहेरचीच हवा असते, म्हणून त्याने त्या गावचा हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत १०० किलोपास्कलच्या मागेपुढे, आमच्या पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. (फोनमधल्या हवामानाच्या अ‍ॅपचा आकडा इथे चालत नाही. तो समुद्रसपाटीला जुळवून घेतलेला असतो.) पुण्यात उभ्या गाडीने ८६ दाखवले, तर तिचा कॉम्प्युटर आपण महाबळेश्वरला आहोत असं धरून चाललाय आणि पेट्रोलही त्याच हिशेबाने सोडणार. बिघाडाचा कोड मात्र येणार नाही, कारण ८६ हा त्याच्या लेखी अगदी शक्य असलेला आकडा आहे.

स्कॅनरवर दिसते ती कॉम्प्युटरची इंजिनाबद्दलची समजूत. ती खरी आहे की नाही, हे मीटर, कान, नाक आणि हात वापरून आपणच ठरवायचं असतं. नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर स्वतःची बरीच उलटतपासणी करतो. मिसफायर मोजतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतोय का तेही बघतो. सुरुवातीच्या कॉम्प्युटरकडे एवढी ऐपत नव्हती. आलेला व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेत आहे ना, बहुतेक वेळा एवढंच तो बघायचा.

आपल्याकडे या गाड्या घाईने आल्या. १९९९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो निकषांच्या तारखा बांधून दिल्या आणि कार्ब्युरेटरवर वाढलेली मारुती ८०० सुद्धा २००० साली एमपीएफआय झाली. पण ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून सांगण्याचा, सामायिक नियम भारत स्टेज चारसोबत २०१० मध्ये आला, आणि ओबीडी दोन २०१३ मध्ये. मधल्या दशकात प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट दिसतं, ब्लूटूथचा स्वस्त अडॅप्टर त्यात घट्ट बसतोही, आणि तरी गाडी बोलत नाही. सॉकेटच्या आकारावरून भाषा कळत नसते. जी गाडी बोलते तीही सावकाश. स्कॅनरशी बोलायच्या जुन्या वायरीवर, के-लाइनवर, सुरुवातीची हाक सेकंदाला पाच बिट या वेगाने द्यावी लागते, नुसत्या हाकेलाच दोन सेकंद जातात. गॅरेजमधली पोरं तेवढ्यात प्लग उपसून परत खोचतात. मी त्यांना हात मागे घ्यायला सांगतो.

काही मारुती गाड्यांत कोड स्कॅनरशिवायही वाचता येतो. डायग्नोसिसची पिन अर्थ केली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. एक, थांबा, दोन म्हणजे १२, सगळं ठीक. १४ आलं तर कूलंट टेंपरेचर सेन्सरचं सर्किट. लोक इथे चटकन सेन्सर बदलतात. कोडने बोट दाखवलेलं असतं सर्किटकडे, आणि सर्किटमध्ये सेन्सर, दोन वायरी, कपलर आणि खुद्द कॉम्प्युटर असं सगळं येतं. मी कपलर काढतो. स्कॅनरवर उणे ४० आलं पाहिजे. मग कपलरमधल्या दोन्ही वायरी तारेच्या तुकड्याने जोडतो. आकडा गरमच्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरी आणि कॉम्प्युटर शाबूत आहेत, संशय सेन्सरवर.

पण इथेही एक मेख आहे. काही जुने कॉम्प्युटर सेन्सर गेल्याचं ओळखतात, त्याच्या जागी पदरचा आकडा धरतात आणि स्कॅनरलाही तोच पाठवतात. कपलर हातात लोंबकळतोय आणि पडद्यावर शांतपणे ८० अंश. म्हणून अशी गाडी मी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घेतो. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. हवेचं २४ आणि पाण्याचं ८० दिसलं, तर ते ८० कॉम्प्युटरने मनाने धरलेले आहेत.

एक काका जुनी हॅचबॅक घेऊन आले होते. पेट्रोल जास्त पीत होती, स्लो स्थिर राहत नव्हता, सायलेन्सरला काजळी. आधीच्या एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला होता. कोड एकही नाही. चावी ऑन केल्यावर मॅपचा आकडा जवळपास बरोबर. इंजिन सुरू करून गरम होऊ दिलं तेव्हा खरं चित्र दिसायला लागलं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना थ्रॉटल थोडा उघडा दिसत होता. स्लोला मॅनिफोल्डचा दाब हवा त्यापेक्षा जास्त. रेडिएटरचा पंखा लागायची वेळ आली तरी कूलंट अजून कोमटच. एकटा ऑक्सिजन सेन्सर खरं सांगत होता आणि त्याचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल कमी कमी करत होता, तरी ते पुरत नव्हतं.

तीन सेन्सर एकदम आणि एकाच दिशेला चुकत नाहीत. व्होल्टेज खोटाच वाढला तर आकडे जिकडे जातील, तिकडेच तिन्हींचे आकडे सरकले होते. आणि जिथे मुळात व्होल्टेज कमी असतो तिथे चूक जास्त, वरच्या टोकाला जवळजवळ नाहीच. म्हणून इंजिन बंद असताना मॅप बरोबर वाटत होता. म्हणजे दोष तिघांच्या सामायिक अर्थ वायरीत. मल्टिमीटर लावला. सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये ०.३ व्होल्ट, तिथे जेमतेम शून्य हवा. हार्नेसची टेप सोडत गेलो तर तिन्ही वायरी जिथे एक होऊन कॉम्प्युटरकडे जातात, तो जोड हिरवा पडलेला. कापून, घासून, नवा सोल्डर केला. सुटा भाग एकही लागला नाही.

थ्रॉटल सेन्सरच्या आतला झिजलेला पट्टा मात्र स्कॅनर बहुधा दाखवत नाही. स्कॅनरचे आकडे सावकाश बदलतात आणि पट्ट्यावरचा संपर्क तुटतो तो क्षणभरच. तिथे माझ्याकडे काट्याचा जुना मीटर आहे. थ्रॉटल हळूहळू उघडताना काटा मधेच दचकला की सेन्सर गेला.

या गाड्यांची मॅन्युअलं आता सहज मिळत नाहीत आणि योग्य आकडे तोंडपाठ असलेली माणसंही कमी होत चालली आहेत. म्हणून धडधाकट गाडी सर्व्हिसिंगला आली तरी मी तिचे आकडे उतरवून घेतो. गार इंजिनाचे, गरम झाल्यावरचे, पंखा चालू असतानाचे, एसी लावल्यावरचे. तुमच्याकडे त्या दशकातली गाडी असेल आणि ती छान चालत असेल, तर आत्ताच एखाद्या सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, तिला स्कॅनर लावून घ्या आणि आकड्यांचा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढे ती रुसली की तुमच्या मेस्त्रीला ताडून बघायला काहीतरी असेल.