वसतिगृह बांधताना आम्ही काय शिकलो

नगर-सोलापूर रस्त्यावर मिरजगावला उतरून आम्ही प्रथम या वसतिगृहात आलो, तेव्हा हातात पत्र्याची पेटी होती आणि निजायला ओसरीचा कोपरा मिळाला होता. पुढे अनेक वर्षांनी याच वसतिगृहाच्या नव्या इमारतीसाठी बांधकाम समिती नेमली गेली आणि तीत आम्ही काही माजी विद्यार्थी बसलो. आपल्याला काय हवे ते आपल्याला पक्के ठाऊक आहे, अशी आमची समजूत होती. ती कशी मोडली, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावेसे वाटते.

पहिल्याच बैठकीत आम्ही वास्तुविशारद बाईंपुढे नागपूरच्या दीक्षाभूमीचे छायाचित्र ठेवले. दर्शनी भागावर असा घुमट हवा, एवढीच आमची मागणी. बाईंनी नकार दिला नाही. वास्तुविशारद शिवदानमल यांच्या त्या स्तूपाचे काम १९७८ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये लोकार्पण झाले, एवढे सांगून त्यांनी वही उघडली आणि विचारले, "जेवणानंतर मुले वाचायला कुठे बसतात? ओले कपडे कुठे वाळतात? रात्री मुलींना स्वच्छतागृहापर्यंत अंधारातून किती चालावे लागते?" आमच्यापैकी एकालाही नीट उत्तर देता आले नाही. ज्या घराने आम्हांला वाढवले, त्याच्या अडचणी आम्ही विसरून गेलो होतो.

बाई दोन दिवस मुलांत राहिल्या. त्यांनी ऊन, वारा आणि जमिनीचा उतार पाहिला. कर्जत तालुक्यातल्या तुटपुंज्या पावसाचे पाणी छपरावरून टाकीत कसे येईल, याचा विचार केला. आपल्याच जिल्ह्यातील साकरवाडीच्या 'जेतवन' या बौद्ध केंद्राचे उदाहरण त्यांनी दिले. एकाही झाडाला धक्का लागू नये, ही तेथील अट होती. वास्तुविशारद समीप पाडोरा यांनी तिला अडथळा न मानता एका इमारतीऐवजी झाडांमधल्या मोकळ्या जागांत लहान लहान इमारती बसवल्या. खाणीतल्या दगडाच्या भुकटीच्या भिंती आणि मोडीत निघालेल्या जहाजांचे लाकूड वापरले. मागणाऱ्याने अट नेमकी सांगावी आणि रचणाऱ्याने ती मनावर घ्यावी, हे तेव्हा आम्हांला उमगले.

अंदाजपत्रक आले आणि पेच पडला. घुमट आणि अभ्यासिका दोन्ही होण्याइतका निधी नव्हता. समितीतले एक ज्येष्ठ गुरुजी व्यथित होऊन म्हणाले, "गरिबांच्या लेकरांना नेहमी कामापुरतेच का द्यायचे? सुंदर काही का नको?" त्या प्रश्नावर सभा स्तब्ध झाली. बाईंनी मुदत मागितली आणि नवी प्रतिकृती आणली. घुमट नव्हता, पण अभ्यासिकेचे छत उंच झाले होते आणि उत्तरेकडून दिवसभर शांत उजेड येत होता. "रस्त्यावरून दिसणारे सौंदर्य मी मुले बसतात तिथे आणले आहे," असे त्या म्हणाल्या. गुरुजींनी बराच वेळ त्या पुठ्ठ्याच्या खोलीत डोकावून पाहिले आणि सर्वांआधी संमती दिली.

चूक आमचीही झाली. कॉलम उभे राहिल्यावर बाईंना न विचारता आम्ही ठेकेदाराला एक दार सरकवायला सांगितले. ते नेमके जिन्याच्या तुळईखाली आले; बांधलेली भिंत पाडावी लागली. त्यानंतर ठरले की समितीतर्फे एकानेच बोलावे आणि प्रत्येक बदल लेखी असावा. घर बांधणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची कथा आहे. त्याने भिक्षुसंघासाठी स्वतः घर बांधायला घेतले. मार्गदर्शन नसल्याने भिंत वाकडी होऊन तीनदा कोसळली. जे दान देतात त्यांनाच भिक्षू सल्ला देतात, गरिबाला कोणी विचारत नाही, अशी त्याने तक्रार केली. ती ऐकून भगवंतांनी बांधकामावर देखरेख करणारा भिक्षू नेमण्याची अनुज्ञा दिली. गरिबाच्या भिंतीलाही जाणत्याची नजर मिळावी, हा त्याचा हक्क आहे, असे आम्ही त्यातून समजतो.

परवा संध्याकाळी अभ्यासिकेत डोकावलो. उत्तरेच्या खिडकीखाली एक मुलगी वाचत होती. आम्ही आलो, हे तिला कळलेही नाही. आम्ही दार हलकेच लोटून घेतले.